वाऱ्याला पाठ करणारं बदक

१२ डिसेंबर १९३२
ओनेझिमला जाऊन एकवीस दिवस. होडी रिकामी सापडली. माणूस नाही, खऱ्या बदकांना भुलवून उतरवायला त्यानं कोरलेली तीस लाकडी बदकंही नाहीत. दलदलीनं गिळली म्हणतात. तीसच्या तीस? लाकूड तरंगतं ना!
एका फुटक्या होडीवर आम्ही दोघांनी उभा केलेला हा शिकारतळ. आज न्यू ऑर्लिन्सची बडी मंडळी येतात. आता मी एकटाच मालक. माझ्यामागे सगळं धाकट्या भावाचं, क्लेओफाचं. "मग लवकर मर की, दादा!" दोघंही हसलो.

१४ डिसेंबर
क्लेओफा धापा टाकत आला. "दादा, पूर्वेच्या तळ्यात ओनेझिमची बदकं मांडलीत! जिवंत आहे तो! डोकं फिरलंय, मला बघून लव्हाळ्यात पळाला. तू ये, एकटाच. तुझं ऐकेल."
ओनेझिमच्या बायकोच्या, युलालीच्या हातातून गंबोच्या रश्श्याचा डाव गळाला.

१५ डिसेंबर
दुरूनच पाहून आलो. मांडणी ओनेझिमचीच! गळासारखी वळलेली, मधे मोकळं पाणी. बदकं तिथंच उतरतात, तिथंच मरतात. माझ्या होडीची वाटही नेमकी तिथंच जाते.
पण खरी बदकं तीन घिरट्या घालून निघून गेली. का?

दुपारी — कळलं! कडेची दोन लाकडी बदकं वाऱ्याला पाठ करून होती. खरं बदक असं बसत नाही, पिसं उलटतात. तळाशी सोडायच्या वजनाची दोरी छातीखाली बांधायची असते, म्हणजे चोच वाऱ्याकडे राहते. शेपटीखाली बांधणारा अख्ख्या दलदलीत एकच. ओनेझिम त्याला डिवचायचा — "तुझं बदक बायकोवर रुसलंय काय रे?"
क्लेओफा.
म्हणजे इतके दिवस बदकं त्याच्याचकडे होती. आईनं जाताना माझ्या मांडीवर दिला होता त्याला.

१६ डिसेंबर
शेरीफला भेटलो. क्लेओफाला म्हटलं, "उद्या उजाडताच जातो. एकटाच."
"सांभाळून हं, दादा." कॉफी त्यानंच गाळून दिली.
जुन्या कोटात गवत भरून होडीत बसवलंय. वर माझी टोपी. वारा पश्चिमेचा, होडी आपोआप आत जाईल. ओनेझिम म्हणायचा, हुबेहूब कशाला हवं? येणाऱ्याला हवं ते दिसलं की झालं.
मेरीमाते, उद्या कुणीही न येवो.

१७ डिसेंबर
कोटाला छातीवर गोळ्यांची दोन भोकं. शेरीफ नि मी लव्हाळ्यात. समोरून क्लेओफा कमरेएवढ्या पाण्यात धावत आला — रडत! "दादा, दादा" करत गवताला कवटाळलं.
मग टोपी गळून पडली.