दोन खोल, तिसरी उथळ

प्रिय दादा,

फोनवर तू 'बरं, ठेवतो, धक्क्यावर माणसं खोळंबलीत' म्हणून निसटतोस. कागदाला तुला असं मध्येच तोडता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी बातमी. देवमासे परत आले. गेल्या वर्षी एकोणसाठ होते, आजपर्यंत एक्केचाळीस मोजले. आमच्या देवमासे-अभ्यास केंद्राची खोली तू पाहिली आहेस: दोन टेबलं, कुरकुरणारा हीटर आणि भिंतभर शेपट्यांचे फोटो. माणसाचा अंगठा तशी देवमाशाची शेपटी, दोघांची सारखी नसते. मी दिवसभर नवे फोटो जुन्यांशी जुळवत बसते. "काय मास्तरीणबाई, आज कोण दांडी मारून बसलंय?" ही तुझी चार वर्षांची थट्टा. तरी माझी पदवी घरातली पहिली म्हणून तिची झेरॉक्स तू होडीच्या केबिनमध्ये, लाइफ जॅकेटांच्या वर चिकटवलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या उतारूंना दाखवत सुटलास.

यंदा मात्र थट्टा नाही. तीन आठवड्यांत पाच फोन, आणि पाचही वेळा एकच प्रश्न: "खडू आली का गं?" खडू म्हणजे आमची म्हातारी मादी, शेपटीवर खडूचा फराटा ओढल्यासारखी पांढरी रेघ असलेली. आधी मला आनंदच झाला. मग आईच्या बोलण्यात आलं की ऐन हंगामात होडी चार दिवस किनाऱ्यावर ओढली होती, इंजिनाचा पाण्याखालचा पंखा बदलायला. तुला विचारलं तर म्हणालास, गंजला होता. दादा, तो पंखा पितळी होता. पितळेला गंज कधीपासून चढायला लागला?

खडू मंगळवारी आली. उजव्या कुशीवर ओळीने नऊ जखमा, पावावर सुरीने चिरा द्याव्यात तशा. केंद्राच्या बाई हळहळल्या, म्हणाल्या, "त्या वाटेवर शेकडो होड्या, कुणाचं नाव घेणार?" मी फोटो जवळ ओढला. कारण मला जखमांची लय दिसत होती. दोन खोल, तिसरी उथळ. पुन्हा दोन खोल, तिसरी उथळ. तीन पात्यांचा पंखा, एका पात्याचं टोक उडालेलं.

आपल्या पंख्याचं टोक कसं उडालं ते फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे. मी अकरा वर्षांची होते. तू मला सुकाणू दिलंस आणि मी होडी सरळ खडकावर घातली. बाबा लालबुंद होऊन आले तेव्हा तू पुढे झालास, "बाबा, सुकाणू माझ्या हातात होतं." त्यांनी महिनाभर तुला होडीला हात लावू दिला नाही. मग त्या पात्याला कानस मारली आणि तोच पंखा पुन्हा बसवला. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. अक्षर बरं म्हणून मापंही मीच लिहिली. ती अजून पाठ आहेत.

फोटोवरून मी तीनदा मोजलं, तीनदा जुळलं. तुटक्या पात्याची दुसरी होडी असू शकते, असं स्वतःला बजावते. आणि तरी तुझ्या प्रत्येक प्रेमळ शब्दाला फूटपट्टी लावते. परवा ती आल्याचं कळवलं तेव्हा "नीट खातेय ना ती?" म्हणालास, तेव्हाही मनात आलं, ही माया आहे की चाचपणी? देवमासे जात असताना होडी हळू चालवायची, हे मी सांगितलं होतं. तू हसला होतास, "उतारूंकडे घड्याळ असतं बाई, माशांकडे नसतं."

अहवाल सोमवारी द्यायचा आहे. जखमांची मापं भरली आहेत, 'संशयित होडी' हा रकाना कोरा आहे. सोमवारी मी तो कोरा ठेवणार नाही. म्हणून तू रविवारी ये, जुना पंखा घेऊन ये. माझा संशय खोटा निघाला तर सगळ्यांसमोर मला झाप, मी कान धरून ऐकेन. खरा निघाला तर पात्याची गोष्ट मी सांगेन, ती माझी आहे. खडू एका अंगावर कलून पोहते, पण खातेय, हेही तुला दाखवायचंय. तुला जास्त काही बोलावं लागणार नाही. बाबांसमोर बोलला होतास तेच वाक्य पुन्हा बोल. तेव्हा ते माझ्यासाठी खोटं बोललास.

तुझीच,
मास्तरीण