साहेबाचा कागद

आप्पा, त्या इंग्रज साहेबाच्या तुम्ही लिहिलेल्या चरित्राची नवी आवृत्ती निघते आहे. प्रस्तावना लेकीनं लिहावी असं पुस्तक काढणाऱ्या समितीच्या लोकांचं म्हणणं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी बेळगावात तुमचं नाव निघालं की लोक अजून खुर्चीत सावरून बसतात. खरं सांगायचं तर ते पुस्तक मी कधी धड वाचलंच नव्हतं. काल वाचायला घेतलं आणि चौथ्या प्रकरणात थांबले. मला किळस आली. साहेबाची नव्हे, तुमची.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला हा गोरा अंमलदार आपल्या भागात घोड्यावरून गावोगाव हिंडला, शिलालेखांचे ठसे घेतले, मूर्ती आणि वीरगळ बैलगाड्यांत घालून नेले, आणि विलायतेत त्याच विद्वत्तेच्या जोरावर पार्लमेंटात जाऊन बसला. ‘विद्वान चोर’ हे तुमचे शब्द. निवडणुकीच्या सभांत तुम्ही टेबलावर हात आपटून ते म्हणायचात आणि निपाणीपर्यंत टाळ्या पडायच्या. त्यानं गावकऱ्यांचे अंगठे घेऊन केलेला कागद तुम्ही चौथ्या प्रकरणात जसाच्या तसा छापलाय. ‘सदर पाषाण आम्ही राजीखुशीने कायमचा दिला असून त्यावर पुन्हा हक्क सांगणार नाही.’ खाली तुमचा शेरा: ‘याहून नीच कागद मी पाहिला नाही.’

मी पाहिलाय. मी तेव्हा कॉलेजात होते. बेळगुंदीत त्या म्हातारीच्या बांधावर आपण उभे आहोत. चोरांपासून गाई राखताना मेलेल्या तिच्या घरच्या कुणा पूर्वजाचा तो वीरगळ, तेल पिऊन पिऊन काळा कुळकुळीत झालेला. तुम्ही ओला कागद दगडावर ठोकून, शाई लावून सुबक ठसा घेता. मग म्हणता, "आक्का, हा दगड आमच्या म्युझियमात काचेच्या कपाटात ठेवतो."

"कपाटात कशाला, साहेब? त्येला वारं लागाय नको व्हय?" ती म्हणते. "आणि आमुशाला तेल कुणी घालायचं?"

"मी घालतो की!"

तुम्ही मजकूर सांगितलात, मी लिहून काढला. ठशाच्याच शाईत तिचा अंगठा बुडवून तुम्ही तो कागदावर दाबलात, बोटं रुमालाला पुसलीत आणि तिनं दिलेलं ताक मिटक्या मारत प्यालात. म्युझियम कसलं न् काय! महिन्याभरात तो दगड मंत्र्यांच्या बागेत गेला आणि तुम्हाला तिकीट मिळालं. त्यांच्याकडे आपण जेवायला गेलो, तेव्हा दगडावर माळ्याचं फडकं वाळत होतं. तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं केलंत. पुढे ती म्हातारी तेलाची बाटली घेऊन आपल्या दारात आली, तर आतल्या खोलीतून तुम्ही मला हातानंच खूण केलीत, घरी नाही म्हणून सांग. बराच वेळ पायरीवर बसली बिचारी. "आल्यावर एवढं घालाय सांग गं," म्हणून बाटली ठेवून गेली. ते तेल आपल्या घरात फोडणीला गेलं.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते, की राजकारणात माणूस घसरतो, तुम्हीही घसरलात. पण तुम्ही त्या म्हातारीसाठी नवे शब्दसुद्धा शोधले नाहीत, आप्पा. साहेबाचेच घेतलेत, अक्षरन् अक्षर. आणि मग त्याला शिव्या घालायला पुस्तक लिहिलंत!

प्रस्तावनेत मी हे सगळं लिहिलंय. समितीला छापायचं तर छापू दे, नाहीतर राहू दे. हे पत्र मात्र माझ्या कपाटातच राहणार, कारण यात एक गोष्ट जास्तीची आहे. अंगठा द्यायच्या आधी म्हातारीनं माझ्याकडे बघून विचारलं होतं, "बाई, तू शिकल्याली हाईस. काय लिवलंय गं त्यात?" तुम्ही शाई पुढे ओढलीत. मी म्हणाले, "दगड नीट सांभाळतो म्हणून लिवलंय, आज्जी."

तेवढं प्रस्तावनेत आलेलं नाही.