आवडीच्या खाचरातलं पाणी

१९ मे

राब भाजला. डोळे चुरचुरतायत, अंगभर राख. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या – महिनाभर गोळा केलं ते तासाभरात जळून गेलं. सासूबाईंपासून हे असंच. भाजलेल्या जमिनीत रोप करायचं, मग ते उपटून खाचरात लावायचं.

वरच्या बांधावरून आवडी बघत होती. तिच्याकडे धूर नाही, राख नाही. "वयनी, मी यंदा राब करीतच न्हाय. वाफ्यावं बी टोचनार. उपटायचं न्हाय, लावायचं न्हाय."

टोच बाई, टोच. बघतेच मी.

२७ मे

लेकीच्या, कीर्तीच्या, शाळेची ही अर्धी कोरी वही. कुणी उघडत नाही, म्हणून लिहिते – मला आवडीचं चांगलं झालेलं बघवत नाही.

बावीस वर्षं ती आमच्याकडे लावणीला आली. खाचरात रोपांची पहिली मूठ तिच्याच हातची, असा सासूबाईंचा दंडक. "तिच्या हाताला भात फुटतं गं रंजना," म्हणायच्या. मी घरची सून, आणि माझ्या शेतात पहिली मूठ मजुरीला आलेल्या बाईची! तेव्हापासून सलतंय. पण तेव्हा ती दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाला वाळून कोळ होऊन परत यायची. तिला तसं बघून मला बरं वाटायचं. हो, वाटायचं!

आता वनजमिनीचा पट्टा तिच्या नावावर आहे. दोन वर्षं भट्टीवर गेली नाही. भात काढलं की त्याच ओलीवर वाल करते, भेंडी करते, आणि बदलापूर गावात नेऊन विकते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तराजूही तिचाच.

११ जून

आमचं बी राबात पडलं. तिकडे आवडी वाफ्यांवर दोरी ताणून वाडीतल्या बायकांना ओळीने बी टोचायला लावतेय. मागच्या साली एका तुकड्यावर करून पाहिलं, यंदा सगळ्या पट्ट्यावर. शेतात शाळा भरल्यासारखं वाटतं, आणि बाई ती!

हे अंबरनाथहून कंपनीतून आले, चहा घेता घेता म्हणाले, "अगं, तू पण विचार ना तिला. एवढी मेहनत वाचते म्हणतात."

मी विचारू? आवडीला? रात्री आमटीत मीठ नव्हतं. मुद्दाम नाही केलं.

२८ जून

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आवडीचा फोटो! कृषी सहायक प्रगती मॅडमनी टाकलाय. खाली – "आमच्या प्रगतशील शेतकरी आवडीताई". ताई! एक्केचाळीस अंगठे आलेत. त्यातला एक आमच्या ह्यांचा.

२ जुलै

लावणीला बायका सांगायला वाडीवर गेले. दरवर्षी त्या विचारायला यायच्या, यंदा मी गेले. गयाबाई म्हणाली, "आमी आता एकमेकींचंच करतो वयनी. आवडीनं पाळी लावून दिलीय, आज हिचं, उद्या तिचं. तिलाच इचारा ना, ती बसवंल तुमाला मधे कुठं."

आवडीचं दार उघडं होतं. मला बघून बाहेर आली. "वयनी, च्या घेऊन जा." मी म्हटलं, नको, रिक्षा थांबलीय. रिक्षा! त्या वाडीला रिक्षा कधी गेलीय? चिखल तुडवत आले.

६ जुलै

तीन दिवस धो धो. आज एक केलं.

आवडी लेकीच्या बाळंतपणाला उल्हासनगरला गेलीय. भर दुपारी मी तिच्या बांधावर गेले. पाऊस असा, की चार हातांवरचं दिसेना. तिचं खाचर काठोकाठ भरलं होतं. भाताचा जीव पाण्यात असतो, हे मला कुणा मॅडमनी शिकवायला नको. ओढ्याच्या बाजूने बांधाला फावड्याने भोक पाडलं. पाणी असं धावत सुटलं! उभी राहून बघितलं. वाळू दे म्हटलं. फोटो काढा आता.

कुणाला कळणार नाही. खेकडे बांध पोखरतातच.

७ जुलै

फावडं सापडत नाही. ह्यांनीच कुठे तरी टाकलं असणार. तोंडाला येईल ते बोलले त्यांना. बिचारे कंदील घेऊन गोठ्यात शोधत बसले.

१० जुलै

आवडी परत आली. लेकीला मुलगी झाली. मला पेढा दिला! बांधाचं भोक बुजवून आली होती, हात चिखलाने भरलेले. मीच म्हणाले, "खेकडे फार झालेत गं यंदा." कुणी विचारलं नव्हतं मला.

ती म्हणाली, "हां वयनी. मोठं झालंत."

पेढा अजून फडताळात आहे. खाववत नाही.

१७ जुलै

प्रगती मॅडम वांगणीकडचे वीस शेतकरी घेऊन आल्या. आवडीचं भात दाखवायला! मीही गेले. वाळलेलं असणार, ते वीस जणांदेखत बघायचं होतं मला.

काळंभोर हिरवं भात. मॅडमनी रोपाचा एक चूड मोजून दाखवला – एका बुंध्यातून बारा फुटवे. म्हणाल्या, "ह्या पद्धतीत पाणी साठवायचं नसतं. वाफ्याला ओल पुरते. त्या तीन दिवसांच्या पावसात कोवळी रोपं बुडून राहिली असती, तर कुजलीच असती. पलीकडच्या दोघांची गेली. आवडीताईंनी पाणी अगदी वेळेवर काढलं."

आवडी माझ्याकडे बघत होती. "मी कुटं हुते मॅडम? मी उल्हासनगरला. खेकड्यांनी काढलं."

सगळे हसले. मीही हसले, गाल दुखेपर्यंत.

म्हणजे मी वाचवलं तिचं भात! मी! ह्या हातांनी! घरी आले आणि हंडा आपटला.

२१ जुलै

राबातलं रोप चाळीस दिवसांचं झालं. पिवळं पडलंय, पेर धरायला लागलंय. असलं म्हातारं रोप लावलं तर फारसं फुटत नाही, आणि आणखी आठवडा गेला तर लावून उपयोगच नाही. वर्षाचा तांदूळ गेला मग. विकत आणून खायचा, शेत असून.

ह्यांनी दोन दिवस रजा काढली. दोघांनी मिळून अंगणाएवढा तुकडा लावला. आज ह्यांना उठवत नाही, कंबर धरलीय. मला म्हणाले, "रंजना, आवडीला फोन कर." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

काय तोंडाने करू? ह्यांना तरी कुठे माहीत आहे.

२३ जुलै

चार वेळा नंबर काढला. चार वेळा ठेवला.

२५ जुलै

सकाळी आवडी आली. बोलावलं नव्हतं. मागे गयाबाई आणि वाडीच्या आठ बायका, पदर खोचून. आवडीच्या खांद्यावर आमचं फावडं. धुतलेलं, दांडा नवा बसवलेला.

"खेकड्यांचं ऱ्हायलं हुतं बांधावं," म्हणाली. एवढंच. ओट्याला टेकवून ठेवलं आणि खाचरात उतरली.

रोपाची मूठ सोडवली, माझ्या हातात दिली. "पयली तुमी लावा, वयनी."

लावली. वाकडी लागली. तिने ती तशीच राहू दिली आणि शेजारी दुसरी लावली.