एक दात पुढे

३ मार्च, मंगळवार

आज घरात इंजिन आलं. दोघा हमालांनी उचलून मागच्या खोलीतल्या जुन्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. टेबल कुरकुरलं, पण टिकलं. मुलगी म्हणाली, "लोक कुत्रं पाळतात, आपण इंजिन."

भंगारातलं आहे. सरावात बिघडलं तरी कुणाचं काही जायचं नाही, म्हणून नवऱ्याने मुद्दाम हेच आणलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, त्याला कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. पंचवीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस! गॅरेजचा मालक भला आहे, पण स्पष्ट बोलला — "लोकांच्या गाड्या आहेत, अंदाजाने नाही चालणार. सोमवारी सांग. झेपणार असेल तर जागा तुझीच. नाहीतर काउंटरवर बस, पावत्या फाड." हे सांगताना नवरा हसला. नंतर जेवला नाही.

४ मार्च, बुधवार

खाली क्रँक, पिस्टन हलवणारा दांडा; वर कॅम, व्हॉल्व्ह उघडणारा; दोघांना बांधणारा दातेरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. दोन्ही पुलींवर खुणा असतात, त्या इंजिनच्या खुणांसमोर यायला हव्यात. इतकंच, म्हणतो. इतकंच असतं तर मला तीनदा का विचारावं लागलं?

"एक दात चुकला तर?"

"गाडी चालेल, पण रडत रडत. तीन-चार चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील, मग इंजिनच रडेल."

त्याने प्लग काढून माझी विणकामाची सुई त्या भोकातून आतल्या पिस्टनवर उभी सोडली. क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून सावकाश फिरवला. सुई वर चढत गेली, थांबली, उतरायला लागली. "पिस्टन गेला पुढे," म्हणाला. मी म्हटलं, थोडं मागे घे ना. "मागे नाही घ्यायचं. मागे घेतलं की पट्टा ढिला पडतो, खूण खोटं बोलते. पुढे गेलं तर पूर्ण फिरून यायचं." आणि खरंच पुन्हा दोन फेरे मारले.

मग माझं काम सांगितलं. "मी लावणार हातांनी. जुळलं की नाही ते तू बघायचं. आणि माझ्याकडे बघून सांगायचं नाही. खुणेकडे बघून सांगायचं."

मी हो म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

प्रेसमध्ये दिवसभर प्रूफं. एका पानावर दोनदा तीच ओळ छापलेली, आणि मी दोनदा वाचून पुढे गेले. लक्ष नाही.

घरी आले तर हा कानस घेऊन बसलेला. खुणा नखाला लागाव्यात म्हणून खोल करत होता. नंतर डोळे मिटून तीनदा पट्टा चढवला. दोनदा जुळला. एकदा दोन दात चुकला, तेव्हा मी सांगितलं. "शाब्बास," म्हणाला. मला वाटलं, शाब्बास मला कशाला?

६ मार्च, शुक्रवार

पुन्हा दोनदा चुकला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पान्हा टेबलावर ठेवला नाही, टाकला. मुलगी अभ्यासावरून उठून आली. "बाबा, इंजिन झोपलंय, हळू." तो हसला नाही.

मी सारखी उठते, बसते. भांडी घासलेलीच पुन्हा घासली.

७ मार्च, शनिवार

लिहू की नको असं झालंय. कुणी वाचणार नाही, तरी.

सकाळी त्याने एकट्याने सगळं लावलं. पट्टा चढवला, ताण देणारी पुली आवळली, क्रँक दोन फेरे फिरवला. एकदाही थांबला नाही. हात इतके शांत होते, लग्नाच्या वेळचे आठवले. मग बाजूला सरकला.

"बघ."

क्रँकची खूण समोर. कॅमची एक दात पुढे.

मी त्याच्याकडे बघितलं. खांदे वर चढलेले, ओठ मिटलेले. शाळेच्या निकालाला उभा राहावा तसा.

"जुळलं," म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तो आंघोळीला गेला. बादलीचा आवाज आला आणि मी पान्हा घेतला. चार दिवस बघून मलाही येत होतं. ताणाची पुली ढिली केली, पट्टा उतरवला, कॅम एक दात मागे आणला, पट्टा चढवला, आवळलं. क्रँक फिरवून पाहिला. आता जुळलं. हात काळे झाले ते परकराला पुसले.

तो आला, पुन्हा दोन फेरे फिरवले, नखाने दोन्ही खुणा चाचपल्या. बराच वेळ चाचपत राहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "चहा टाक."

मला वाटलं, सुखावला. मीच सुखावले होते.

८ मार्च, रविवार

झोप नाही. सोमवारनंतर तो कुणाच्यातरी गाडीचा पट्टा चढवेल. एक दात पुढे. तिथे मी नसेन. सांगून टाकावं असं दिवसात चारदा मनात आलं. चारही वेळा काही ना काही काम काढलं. तो मुलीशी पत्ते खेळला, हरला, चिडवून घेतलं. इतका मोकळा किती दिवसांनी! कसं सांगू?

उद्या सकाळी सांगते. निघायच्या आधी.

९ मार्च, सोमवार

मी तोंड उघडायच्या आतच, बूट घालता घालता तो म्हणाला, "शनिवारी तो दात मी मुद्दाम पुढे ठेवला होता. बोटांनी मोजून, एकच. हात जमतायत ते शुक्रवारी रात्रीच कळलं होतं मला. तुम्ही दोघी झोपल्यावर सहा वेळा लावून बघितलं. आंघोळीहून आलो तर खुणा समोरासमोर."

मी डब्याचं झाकण पुन्हा दाबून लावलं.

तो मालकाला जमेल म्हणून सांगणार आहे. खुणा बघायला तिथला फिटर घेईल. डबा दिला, त्याने घेतला. रागावलेला नव्हता.

डोळ्यांचा नवा रिपोर्ट आज मिळणार आहे. तो मुलीकडून वाचून घेईन, म्हणाला.