टाळ्यांत वाजलेला फोन

प्रिय आई, तुला लेकीचा सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आज प्रार्थनेनंतर संचालकांनी मला पहिल्यांदाच व्यासपीठावर बोलावलं. "मिशनच्या गाड्या, औषधं, माणसं पडद्यामागून सांभाळणाऱ्या त्या बाई ह्याच," म्हणाले. अचानक दिवा लागल्यावर भिंतीवरची पाल जागीच थिजते, तशी माझी गत झाली.

फोन खाली खुर्चीवर राहिला होता. टाळ्या चालू असताना तो वाजला, आणि मी हसत उभी राहिले.

फोन औषधं घेऊन बाहेर गेलेल्या आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचा होता. गाडी अडली तरच त्याने फोन करायचा, हा नियम माझाच. आता त्याचा फोन लागत नाही. गाडीत दोन नर्स आहेत. त्यांना शोधायला दुसरी गाडी पाठवलीय.

रेंज नसेल, दुसरं काय. तू घाबरू नकोस. पत्र पोचेपर्यंत ते सुखरूप आलेले असतील. तरीही प्रार्थना कर.

फोनपाशी बसलेली,
तुझी थोरली