एकवीस डब्यांची वाटणी

मी, सरुबाई देवराव खिल्लारे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार विद्यानगर, हैदराबाद, सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण वकील सुधीर म्हणाले की कायद्याला गुडघा लागत नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही, आणि मला फसवून लिहून घेणारा अजून जन्माला यायचाय.

कलम १. घर. हे दोन खोल्यांचं घर मी आणि माझे मालक, बसचे ड्रायव्हर कै. देवराव, दोघांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलं. माझ्या पश्चात ते मुलगा प्रबुद्ध आणि मुलगी रेणुका यांचं निम्मं निम्मं. मुलीला निम्मं कशाला, असं विचारणाऱ्या पाहुण्याला चहासुद्धा देऊ नये.

कलम २. गच्ची. गच्ची दोघांची, पण मार्च ते मे तिथे वाळवणाचा हक्क पहिला. वांगी, गवार, कारली कडक उन्हात. मेथी आणि आंबाडी जिन्याखाली सावलीत. उलट केलं तर दोन्ही वाया. सून मेधा हिने आपली व्यायामाची सायकल गच्चीवरून हलवावी. दोन वर्षांत ती एकदाच कामाला आली, मी तिच्यावर गवारीच्या माळा टांगल्या तेव्हा. मेधा गुणाची पोर आहे, पण तिला वाटतं भाजी फोनमधून दहा मिनिटांत उगवते. ज्या दिवशी फोन बंद पडेल त्या दिवशी तिला सासू आठवेल. माझ्या पाटल्या तिला द्याव्यात. बोरमाळ रेणुकाची.

कलम ३. समोरच्या घरातले मुकुंदराव. यांनी माझ्या मेथीच्या वासाची दोनदा लेखी तक्रार केली, आणि मुलाकडे मुंबईला जाताना त्याच मेथीच्या दोन पुड्या मागून नेल्या. त्यांना काहीही देऊ नये. वास त्यांना असाच येत राहावा.

कलम ४. शेजारीण पद्मावती. ती आपल्या वाळवणाला तेलुगूत वरुगुलु म्हणते आणि टमाट्याच्या फोडी इतक्या जाड चिरते की त्या संक्रांतीपर्यंत वाळत नाहीत. माझी विळी तिला द्यावी. चाळीस वर्षे तिने माझं ऐकलं नाही, विळीचं तरी ऐकेल.

कलम ५. डबे. बेगम बाजारातून घेतलेले, घट्ट झाकणाचे, पत्र्याचे एकवीस डबे. ते कोणाला द्यायचे हे लिहिण्याआधी झाला प्रकार लिहावा लागेल. माझ्या मागे लोक काहीबाही सांगतील. त्यापेक्षा मीच सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात मी अठरा वर्षांची होते. नांदेडकडच्या आमच्या गावात ओलं पान डोळ्यांना दिसत नव्हतं. आईने हरभऱ्याचा पाला वाळवून गाडग्यात भरून ठेवला होता. रोज एक मूठ काढायची, कण्यांत शिजवायची, आणि सहा माणसं जेवायची. तेव्हापासून भरलेला डबा दिसल्याशिवाय मला झोप लागत नाही. हसा खुशाल.

तर तीन वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या तीन दिवस आधी मी जिन्यावरून पडले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पौर्णिमेला आमच्याकडे चाळीस माणसं जेवायला असतात. मी म्हटलं, मी मेले तरी जेवण चुकवायचं नाही. पोरं सगळी माझ्याजवळ दवाखान्यात. तेव्हा रेणुकाचे यजमान, जावई हर्षद, म्हणाले, "आई, तुम्ही निश्चिंत राहा. मी बघतो."

जावई पुण्याचे. संगणकातली मोठी नोकरी. त्यांनी हिशेब केला: माणशी दीडशे ग्रॅम भाजी, चाळीस माणसं, म्हणजे सहा किलो. आणि वजनकाट्यावर मोजून सहा किलो वाळवण काढलं. सहा किलो! एकवीसच्या एकवीस डबे रिकामे! वर्षाची बेगमी, नुकतीच भरलेली! आणि ओतलं गरम पाण्यात.

वाळलेली भाजी भिजली की साडेसहापट होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन मुठींत चार माणसं जेवतात. सकाळपर्यंत पातेली भरली, बादल्या भरल्या, आंघोळीचं घंगाळ भरलं, आणि शेवटी त्यांनी गवार कूलरच्या टाकीत काढली. माणशी एक किलो भाजी झाली.

आठवड्याने मी वॉकर घेऊन घरी आले तर डबे ओळीने उपडे घातलेले, धुऊन पुसून. माझं डोकंच फिरलं. भरल्या घरात मी जावयाला अरे-तुरे केलं. म्हटलं, "अरे, भूक बघितलीस का कधी? नीघ माझ्या घरातून."

त्यांनी हात जोडले आणि निघाले. रेणुका त्यांच्या मागे गेली. त्यांचं कोंडापूरचं घर इथून तासाभरावर आहे, पण तीन वर्षांत दोघांनी या घरात पाऊल ठेवलं नाही. रेणुका फोन करते, "गोळ्या घेतल्यास का?" एवढंच विचारते. जावई दुसऱ्या जातीचे, म्हणून लोकांना वाटतं जातीवरून बिनसलं. अहो, लग्नात मीच सगळ्यांत जास्त नाचले होते. बिनसलं ते भाजीवरून.

मी दवाखान्यात असताना काय झालं ते मला पद्मावतीने वर्षभराने सांगितलं, मेलीने. म्हणाली, "अक्का, एक पत्ता बी नै फेके उनो." जावयांनी तीन दिवस ती भाजी शिजवली आणि स्कूटरवरून विहारात, पोरांच्या वसतिगृहात, रिक्षावाल्यांच्या अड्ड्यावर स्वतः नेऊन वाढली. एक पान टाकलं नाही. ज्या माणसाने अन्न टाकलं नाही, त्याला मी भूक शिकवायला निघाले होते.

तेव्हापासून दर मे महिन्यात कुरिअरने एक पाकीट येतं. आत त्यांनी बाल्कनीत वाळवलेली वांगी आणि चिठ्ठी: "वांगी, ४०० ग्रॅम. भिजल्यावर २ किलो ६०० ग्रॅम." पहिल्या वर्षीची करपली होती, दुसऱ्या वर्षी मीठ जास्त. मी प्रत्येक वेळी सगळी खाल्ली आणि कोणाला सांगितलं नाही. यंदाची चांगली होती.

म्हणून सर्व एकवीस डबे जावई हर्षद यांना द्यावेत. त्यावर प्रबुद्ध, मेधा किंवा रेणुका यांचा कसलाही हक्क राहणार नाही.

कलम ६. माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात पनीर दिसलं तर मी उठून बसेन. वाळवलेल्या गवारीची भाजी करावी, शेंगदाण्याचा कूट घालून. मोजून मुठीने.

कलम ७. साक्षीदार. दोन लागतात. पहिली पद्मावती. दुसरे जावई हर्षद. सुधीर वकील म्हणाले, "ज्यांना डबे देताय त्यांनाच साक्षीला कशाला? बाहेरचा कोणी घ्या." मी म्हटलं, बाहेरचा नको. साक्षीदाराने मला सही करताना डोळ्यांनी बघावं लागतं ना? मग त्यासाठी त्यांना या घरात यावं लागेल. वकील म्हणाले, "आणि ते आले नाहीत तर? दोन सह्यांशिवाय हा कागद कोरा धरतात." असू दे कोरा. माफी मागायला मला फोनवर जमत नाही, आणि मेल्यावर वाचून दाखवलेली माफी काय कामाची? या कागदाची प्रत आज कुरिअरने कोंडापूरला पाठवत आहे.

ठिकाण: विद्यानगर, हैदराबाद. स्वयंपाकघर.

साक्षीदार १: पद्मावती (तेलुगूत सही करणार आहे. चष्मा शोधते आहे.)

साक्षीदार २: हर्षदराव, या. चुकलं माझं.

लिहून ठेवणार: सरुबाई देवराव खिल्लारे (सही तुमच्या देखत करीन.)

दिनांक: तुम्ही याल तो.