बाबांच्या हाताचा लॅपटॉप

अहेरी, रविवार, संध्याकाळ

बाबांचा जुना लॅपटॉप फार अडकायचा, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्यातलं विंडोज काढून लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली. तेव्हापासून बाबा त्यात लिहून ठेवत असलेली गोंडी शब्दांची यादी थांबलेली. आज विचारलं, "बाबा, काऊन नाई बसत लिहायले?"

"सारं वेगळं दिसते. चुकीचं काई दाबलं तं शब्द जातील."

आठवडाभर भीत होते, आणि मी विचारलंही नाही? लगेच शेजारी बसवलं. ते सांगत गेले, मी बदलत गेले. पडद्यावरची पट्टी पहिल्यासारखी खाली, अक्षरं मोठी, मेनू मराठीत, यादी अगदी समोर. बाबांनी स्वतः उघडून शेवटपर्यंत पाहिली. सगळे शब्द होते. एक नवा लिहिला आणि म्हणाले, "जाय आता, मले काम करू दे."